पाय झिजलेलं नाचघर

१

दुकानात नवं मशीन आलं की गोटीमास्तर पहिल्या दिवशी त्याला हात लावत नसत. काच काढायची, स्टूल ओढून समोर बसायचं आणि नुसतं बघत राहायचं. बायको डबा घेऊन आली की हसायची.

"माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलं नाहीत तुम्ही."

"तू कुठे झिजली आहेस?"

"बघितलंत तर कळेल ना!"

मास्तरांचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत होतं. बाकी सगळ्यांना ते गोटीमास्तर, कारण जुनी पिनबॉल मशीनं दुरुस्त करणारा गावात तेवढा एकच माणूस उरला होता. खेळ अगदी साधा. उतरत्या फळीवर स्प्रिंगने पोलादी गोटी सोडायची, ती खुंट्यांवर आणि रबरांवर आपटत खाली येते, खालच्या दोन हलत्या पट्ट्यांनी, म्हणजे फ्लिपरांनी, तिला फटकावून पुन्हा वर पाठवायचं. फटका हुकला की गोटी भोकात. एवढ्याशा खेळावर मास्तरांचं आयुष्य गेलं होतं आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं.

मशीन बिघडतं ते तारांमुळे, हा लोकांचा गैरसमज. तारा काय, कुणीही जोडतो. खरी झीज फळीची. गोटी ज्या वाटेने रोज जाते तिथलं वॉर्निश आधी उडतं, मग खालचं चित्र, मग लाकूड उघडं पडतं आणि शेवटी लाकडातच खळगा होतो. खळग्यात पुट्टी भरायची, घासायची, वर हुबेहूब पहिलं चित्र काढायचं. हे काम मास्तरांना त्यांच्या थोरल्या भावाने, दादाने शिकवलं. फळी सपाट झाली की नाही हे दादा डोळ्यांनी बघतच नसे. फळीला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि बोटाने गोटी ढकलायची. खळगा राहिला असेल तिथे आवाज जरा बसका येतो. दादाचा आणखी एक हट्ट होता. अख्खी फळी नवी करायची नाही, एक जागा जुनी सोडायची. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. मास्तरांनी विचारलं तेव्हा "सोडायची म्हणजे सोडायची" एवढंच म्हणाला होता.

या वेळचं मशीन एका बाईंचं होतं. त्या कॉफीचं दुकान थाटत होत्या. फळीवर नाचघराचं चित्र होतं. मधोमध गोल रिंगण, रिंगणाच्या कडेने आणि फळीच्या एका काठाने उजेड आरपार जाणाऱ्या लाल-पिवळ्या चकत्या, त्यांच्याखाली दिवे लागायचे. रिंगणात जोडपी नाचत होती. घोळदार झग्यातल्या बायका, काळ्या कोटातले पुरुष. चेहरे अजून टवटवीत होते. पण गोटीची येण्याजाण्याची वाट नेमकी त्यांच्या खालून. त्यामुळे एकालाही पाय म्हणून शिल्लक नव्हते. झगे आणि विजारी खाली येऊन कोऱ्या लाकडात विरून जात होत्या. रिंगणाच्या बाहेर, कडेला, एक बाई एकटीच उभी होती. तिने हात पुढे केला होता. तिचेही पाय गेले होते.

"बाकी काही करा न करा," मालकीणबाई म्हणाल्या, "यांना पाय तेवढे द्या. बिचारे कधीचे अधांतरी नाचतायत."

मास्तर हसले. गिऱ्हाईक बोलकं असलं की काम करायला हुरूप येतो.

२

खुंट्या, रबरं, बंपर, फ्लिपर, खालच्या तारा, दिवे, सगळं उतरवून डब्यांत गेलं. उरली नुसती फळी. ती मास्तरांनी दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली, वर ट्यूबलाइट. सैल झालेल्या रंगीत चकत्या चिकटवून सारख्या केल्या. पुट्टी भरली, सुकू दिली, घासली. कान लावून गोटी फिरवली. आवाज एकसारखा. इथवर सगळं नेहमीसारखं.

पहिला बूट रंगवायला घेतला तेव्हा सकाळचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. काळा बूट, वर पांढरी बारीक कड. ही कड म्हणजे मास्तरांचा हातखंडा. डाव्या हाताचा तळवा फळीवर टेकवायचा, उजवं मनगट त्यावर ठेवायचं, श्वास धरायचा आणि एका दमात ओढायची.

ती ओढली, आणि कड वळवळली.

फारशी नाही. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. मास्तरांनी चिंधीने पुसली, पुन्हा ओढली. पुन्हा तेच. या वेळी त्यांनी ब्रशच्या टोकाकडे बघितलं. टोक थरथरत होतं.

त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. चहा कमी झाला असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. नाहीतर जास्त झाला असेल. रात्री झोप नीट लागली नव्हती. चष्म्याचा नंबरही वाढला असेल. एक कारण पुरत नसलं की माणूस चार गोळा करतो, तसं चाललं होतं.

पण आत, छातीच्या खाली, एक जुनी गोष्ट जागी झाली होती. दादाचीही सुरुवात अशीच झाली होती, एका रेघेपासून.

३

दादाचा हात आधी रेघ ओढताना कापायला लागला. मग सही करताना. मग शर्टाची बटणं लावताना. वहिनी काही बोलायच्या नाहीत. त्या फक्त दादाच्या कपात अर्धाच चहा ओतायच्या, म्हणजे तो सांडायचा नाही. लागला तर पुन्हा ओतायच्या, पुन्हा अर्धाच. पुढे पुढे कपही सुटला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हा वाढतच जातो हेही सांगितलं. शेवटी शेवटी दादा खुर्चीत बसून धाकट्याच्या हाताकडे बघायचा. बोलता येत नव्हतं, पण एकदा त्याने मास्तरांची बोटं धरून त्यांच्याच डोळ्यांपुढे आणली होती. बघ, सांभाळ, असं काहीतरी सांगायचं असेल. की आता तुझी पाळी, असं? हा प्रश्न मास्तरांनी तेव्हापासून मनात बंद करून ठेवला होता.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको नुकतीच चष्म्याच्या दुकानातून आली होती. ती तिथे गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची.

"चष्मा बदलायला हवा बहुतेक माझा," मास्तर सहज म्हणावं तसं म्हणाले.

"दिसत नाही?"

"दिसतं. पण बारीक रेघ जरा हलते."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. एरवी नंबराचं नाव काढलं की ती लेक्चर सुरू करायची. आज नुसतं "उद्या बघू," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

चहा आला. मास्तरांनी कप उचलायला हात पुढे केला आणि तो तिथेच राहिला.

कप अर्धा होता.

ते कपाकडे बघत राहिले. बायको पाठमोरी होऊन ओटा पुसत होती. ओटा आधीच लख्ख होता. मास्तरांनी दोन्ही हातांनी कप धरला आणि संपवला. चव लागली नाही. त्या रात्री दोघंही भिंतीकडे तोंड करून झोपले. झोपले म्हणजे पडून राहिले.

४

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ठरवलं, रंगाला हात लावायचा नाही. फळी पुन्हा एकदा कानाने तपासायची. ते काम हाताचं नाही, कानाचं.

कान लावला, डोळे मिटले, गोटी ढकलली. ती घरंगळत गेली, कडेच्या पट्टीला टेकली, थांबली. आवाज थांबला नाही.

फार हलका होता. टप, टप-टप. टप, टप-टप. लाकडाच्या आत नव्हता, लाकडावर होता. मास्तरांनी झटकन डोकं उचललं. फळी रिकामी. गोटी कडेला निपचित पडलेली. पुन्हा कान लावला. टप, टप-टप.

"कानातलं रक्त," ते मोठ्याने म्हणाले. "स्वतःचीच नाडी ऐकू येते माणसाला." त्यांनी मनगट धरून नाडी बघितली. ती आपली सरळ चालली होती, जरा घाईत. आवाजाचा ठेका वेगळा होता.

मग त्यांना शेजारची लाँड्री आठवली आणि जिवात जीव आला. भिंतीला भिंत लागून, तिथे कपडे धुण्याची मोठाली यंत्रं दिवसभर गरगरायची. फळी हलणार नाही तर काय! त्याने हातही हलत असेल! मास्तर चपला न घालताच बाहेर गेले.

लाँड्रीला कुलूप होतं. समोरचा पानपट्टीवाला म्हणाला, "तो मुलीकडे गेलाय. झाला की आठवडा. तुम्ही शेजारी असून तुम्हाला पत्ता नाही?"

मास्तर परत आले. दुकानात आल्यावर एरवी कधी नाही ते त्यांनी दार उघडं ठेवलं.

५

काम तर करायलाच हवं होतं. मालकीणबाईंनी दुकान उघडण्याचा दिवस लोकांना सांगून टाकला होता. मास्तर एकेक बूट रंगवत गेले. कड ओढायची, पुसायची, ओढायची. दहा वेळा बिघडली तर अकराव्यांदा कशीबशी जमायची.

त्यातली चमत्कारिक गोष्ट त्यांच्या उशिरा लक्षात आली. पहिल्या जोडप्याचे पाय झाले तेव्हा थरथर जेमतेम होती. दुसऱ्याचे झाले तेव्हा वाढली. जसजशी जोडपी पायांवर उभी राहायला लागली तसतसा हात जास्त कापायला लागला. कोरड्या ब्रशचं टोक नुसतं टेकवलं तरी नाचायचं. चार दिवसांत एवढा वाढतो हा आजार? दादाचा तर दिवसेंदिवस, महिनोन्महिने वाढला होता. आपल्याला घाई झालेली दिसते, मास्तरांच्या मनात आलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

एक साधी गोष्ट त्यांनी केली नाही. दुसरीकडे कुठे हात धरून बघितला नाही. गल्लीच्या टोकाला दवाखाना होता, तिथे गेले नाहीत. घरी ते हात खिशात ठेवायचे. किराणावाल्याने पावतीवर सही मागितली तर "बायको करेल" म्हणायचे. निकाल वाईटच लागणार या भीतीने ते परीक्षेलाच बसले नव्हते. घरी कप अर्धा येत होता आणि ते तो दोन्ही हातांनी पीत होते. भीतीने धरलेला कप वाजतोच, आणि तो वाजला की त्यांना वाटायचं, झालं, घरातही आला.

अशाच एका दुपारी सगळ्या जोडप्यांचे पाय पुरे झाले. उरली फक्त कडेची ती एकटी. मास्तरांना दादाचा हट्ट आठवला, एक जागा सोडायची. पण त्यांच्या मनात वेगळंच आलं होतं. ही बहुतेक आपली शेवटची फळी. शेवटचं काम तरी अर्धवट का ठेवा? त्यांनी डावा तळवा तिच्या शेजारी टेकवला, ब्रश बुडवला आणि तिच्या बुटाचं टाचेकडचं टोक रेखलं.

फळीवरच्या त्यांच्या तळव्याखाली काहीतरी सरकलं. पाण्यात बसल्यावर पायांना मासा हुंगून जातो, तसं. मास्तरांनी हात उचलला. फळीवर फळीच होती. त्यांनी ओल्या रंगासकट ब्रश तिथेच ठेवला आणि ते दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. आजार बोटांतून डोक्यात गेला, असं त्यांना त्या क्षणी खात्रीने वाटलं.

६

बायको रस्त्याच्या त्या टोकाकडून येताना दिसली. डब्याची वेळ कधीच होऊन गेली होती.

"आज अर्धा दिवस?" मास्तरांनी हात खिशात घातले.

"डॉक्टरांकडे नंबर लावलाय. चला."

"कुणाला काय झालंय?"

"तुम्हाला."

ती त्यांच्या शेजारी पायरीवरच बसली. इस्त्री केलेली साडी, पण बसली.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी. डबा घेऊन आले होते. दारातूनच बघितलं. तुम्ही बूट रंगवत होतात. ब्रश असा..." तिने बोट हवेत हलवून दाखवलं आणि लगेच मूठ मिटली. "तुमचं लक्ष नव्हतं. डबा आत सरकवला आणि गेले."

"आणि कप?"

"वहिनी तसंच करायच्या ना." तिचा आवाज फाटला. "मला दुसरं काही सुचलं नाही हो."

"मला वाटलं, दूध संपलं असेल."

ती हसायला गेली आणि रडली. मास्तरांना कधी नव्हे ते तिच्यासमोर हात बाहेर काढावेसे वाटले. लपवून तरी आता काय राहिलं होतं?

"ये. एकदा नीट बघ आणि मग चल. डॉक्टरला तूच सांग, मला सांगता येणार नाही."

आत येऊन त्यांनी कोरडा ब्रश घेतला, डावा तळवा फळीवर टेकवला, उजवं मनगट त्यावर ठेवलं. टोक थडथड उडायला लागलं. बायकोने ओठ घट्ट मिटले. मग आपल्या एका हाताने त्यांचं मनगट आवळून धरलं, जसं काही धरून थांबणार होतं, आणि तोल जाऊ नये म्हणून दुसरा हात फळीवर टेकवला.

ती फळीवरच्या आपल्या हाताकडे बघायला लागली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "अहो."

"काय?"

"माझा पण."

"काय तुझा पण?"

"हात. बघा ना. माझा पण कापतोय."

मास्तरांनी बघितलं. फळीवरच्या तिच्या हातातली बांगडी बारीक किणकिणत होती. तिने हात उचलला. बांगडी थांबली. टेकवला, किणकिणली. तिने त्यांचं मनगट धरून फळीवरून ओढून काढलं आणि हवेत वर धरलं.

ब्रशचं टोक खिळ्यासारखं स्थिर होतं.

"सोड," मास्तर म्हणाले. तिने सोडलं. टोक हललं नाही. त्यांनी रंगात ब्रश बुडवला, डब्याचं झाकण डाव्या हातात धरलं आणि त्यावर एक रेघ ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. केसासारखी बारीक, सरळ. दुसरी ओढली, तिसरी. झाकण भरून गेलं.

"हे तुमचं नाहीच!" बायको ओरडली. "या मेल्या फळीचं आहे!"

मास्तर मटकन स्टुलावर बसले. त्यांना हसू येत होतं आणि नाकातून पाणी वाहत होतं. बायकोने पदराने आधी त्यांचं नाक पुसलं, मग स्वतःचं. एवढे दिवस छातीवर बसलेलं कुणीतरी उठून गेलं होतं. नुसता श्वास घ्यायला इतकं बरं वाटतं हे ते विसरलेच होते.

७

हसणं ओसरल्यावर दोघंही फळीकडे बघत राहिले.

"मग ही कशाने हलते?" बायको म्हणाली.

तिला एकही तार लागलेली नव्हती. लाँड्री बंद. रस्त्यावर दुपारची सामसूम. मास्तरांनी घोडे धरून हलवून बघितले, ते पक्के होते. "खालून बघतो," ते म्हणाले. "तू वर लक्ष ठेव."

ते गुडघ्यांवर बसून फळीखाली शिरले. खाली रंग सांडू नये म्हणून जुना कागद अंथरला होता. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड रंगीत चकत्यांमधून आरपार येऊन कागदावर पडला होता. लाल, पिवळा, लाल, पिवळा, ठिपक्यांचं एक गोल रिंगण. मास्तरांना ते नेहमीच आवडायचं. फळी अशी आडवी असतानाच ते दिसतं, मशीनमध्ये बसवली की कुणाला दिसत नाही.

एक लाल ठिपका विझला आणि पुन्हा उमटला.

मग त्याच्या शेजारचा पिवळा. मग पुढचा. एकामागून एक, रिंगणाने. विझायचा, उमटायचा. वर ट्यूबलाइटखाली कुणी चकतीवर पाय ठेवून पुढे जावं, तसं. पाठोपाठ दुसरा कुणी, त्याच्या पाठोपाठ तिसरा. मास्तरांच्या कानाला वरच्या लाकडातून ऐकू आलं: टप, टप-टप.

"वर काय आहे गं?" त्यांनी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"कुठे काय? काही नाही."

"नीट बघ."

"बघतेय ना. तुमचा ब्रश आहे. माझा हात आहे. बाकी फळी मोकळी आहे."

"हात कुठे ठेवलायस?"

"इथे, कडेला. चकतीवर नाही, या एकट्या बाईपाशी."

मास्तरांनी त्या बाजूला बघितलं. तिथे रिंगणाबाहेर, काठाने चकत्यांची एक ओळ होती आणि बाईपाशी त्या ओळीतली पहिली, लाल चकती. तिचा ठिपका कागदावर नव्हता. तो विझला होता आणि उमटत नव्हता. तिथे कुणीतरी थांबलं होतं.

"हात काढ."

"का हो?"

"काढ म्हणतो ना."

वर काही क्षण काहीच झालं नाही. मग बांगडी एकदा जोरात किणकिणली आणि थांबली. कागदावर लाल ठिपका अलगद उमटला. त्याच्या पुढचा पिवळा विझला. त्याच्या पुढचा लाल. हे आता रिंगणाने जात नव्हतं. मास्तरांनी आधारासाठी फळीची कड ज्या बाजूला धरली होती, त्या बाजूला येत होतं. त्यांची चार बोटं वर, फळीवर होती. ठिपके एकेक करून विझत जवळ आले आणि शेवटचा विझला तेव्हा त्यांच्या बोटांवर काहीतरी येऊन टेकलं. वजन असं नव्हतंच. थंडही नव्हतं.

मास्तरांनी बोटं काढून घेतली. ओढली नाहीत, काढून घेतली. का कोण जाणे, हिसका द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. मग ते रांगत बाहेर आले, बायकोचा हात धरला आणि दोघं रस्त्यावर येईपर्यंत थांबले नाहीत. दुसऱ्या कुणाची बोबडी वळली असती. मास्तर मात्र भर रस्त्यात उभे राहून पोट धरून हसायला लागले.

"अगं, भूत आहे!" ते म्हणाले. "नुसतं भूत आहे! मला काही झालेलं नाही!"

पानपट्टीवाला बघत राहिला.

८

डॉक्टरांचा नंबर लावलेलाच होता, म्हणून गेले. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला, नाकाला बोट लावायला सांगितलं, कोपरावर हातोडी मारली. "काही नाही," ते म्हणाले. "तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे." मास्तरांनी त्यांना पुन्हा एकदा कागद ठेवून बघायला लावलं. ऐकायला बरं वाटत होतं.

परत येताना त्यांची पावलं हळू पडत होती. दादाचा हात फळीवर कापायचा, तसा जेवतानाही कापायचा, झोपेतही कापायचा. दादाचं खरंच होतं. त्याच्या नशिबी असं भूत आलं नाही, एवढाच काय तो फरक. मास्तरांना त्याची कधी नव्हे एवढी आठवण आली.

काम त्यांनी पुरं केलं, दिवसाउजेडी आणि बायकोला दारात बसवून. फळीला हात टेकवायचाच नाही, असं ठरवलं. दोन घोड्यांवर एक आडवी पट्टी टाकली, मनगट तिच्यावर ठेवलं आणि सगळ्या कडा पुसून पुन्हा ओढल्या. एकूण एक सरळ. कडेच्या एकटीच्या बुटाचं जे टोक रेखलं होतं ते त्यांनी चिंधीने पुसून टाकलं.

"हिला नाही देणार पाय?" बायकोने विचारलं.

"दादा एक जागा सोडायचा."

बायको थोडा वेळ त्या बाईच्या पुढे केलेल्या हाताकडे बघत होती. "माझा हात घट्ट नव्हता धरलेला तिने," ती म्हणाली. "नुसतं विचारल्यासारखं होतं." आणि विषय तिथेच संपला. दोघांनीही तो पुन्हा काढला नाही.

कॉफीचं दुकान ठरल्या दिवशी उघडलं. मालकीणबाईंनी दोघांना मानाने बोलावलं होतं. मशीन खिडकीपाशी झगमगत होतं, घंट्या वाजत होत्या आणि त्याच्याभोवती गर्दी होती. "काय जादू केलीत मास्तर!" मालकीणबाई म्हणाल्या. "लोक म्हणतात, हाताला गुदगुल्या होतात!"

मास्तर खुर्चीत जरा मागे सरकून बसले. खेळणाऱ्यांत एक त्यांच्याच वयाचे गृहस्थ होते. त्यांची गोटी भोकात गेली तेव्हा त्यांनी मशीनच्या कडेवरून हात उचलला, तळव्याकडे बघितलं आणि चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्या गृहस्थांची बायको जवळच उभी होती. तिला दिसायच्या आत त्यांनी हात खिशात घातला.

मास्तर उठले.

"अहो," ते त्या गृहस्थांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "मशीनचं आहे ते. तुमचं नाही. हात बाहेर काढा, बघा."

गृहस्थांनी त्यांच्याकडे बघितलं. मग हात काढला, हवेत धरला. बराच वेळ धरला. मग एक मोठा श्वास सोडला आणि मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला.

मास्तर टेबलाशी परत आले तेव्हा मालकीणबाई किटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप जरासा रिकामा ठेवून किटली सरळ केली.

"आणखी ओता," बायको म्हणाली.

"सांडेल हो."

"काठोकाठ ओता."

कप इतका भरला की कॉफी कडेच्या वर फुगून आली. मास्तरांनी कप उचलला, एका हाताने. तोंडापर्यंत नेला, एक घोट घेतला, खाली ठेवला. बायकोने बशीकडे बघितलं. कोरडी होती.